रंगकामाचा गुत्ता : भाव कोणता आणि जबाबदारी कोणाची ?

संस्कृतांत चुन्याला 'सुधा' असें नांव आहे, आणि ज्या घराला सुधेचा लेप दिला तें 'सौध'. पुढें या शब्दाला राजवाडा, हवेली असे अर्थ चिकटले. पण मुळांत तो चुना लावलेल्या घराचाच वाचक आहे. घर बांधलें गवंड्यानें, छप्पर घातलें सुतारानें, आणि नांव मिळालें तें मात्र रंगाऱ्याच्या हातामुळें ! असें असून आपल्या घरांत ज्या कारागिराची चौकशी सर्वांत कमी होते तो रंगारीच होय. गवंडी ठरवितांना आपण दहा जणांना विचारतों, सुताराचें जुनें काम पाहून येतों; रंगाऱ्याला मात्र एकच प्रश्न घालतों, "फुटाला काय घेणार ?" हा प्रश्न अपुरा आहे, आणि त्याच्या अपुरेपणाची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते, हें आम्ही स्वतःच्या घरीं शिकलों. सबब हा लेख.

आमच्या लहानपणीं दसऱ्याच्या आधीं भट्टीचा चुना आणून रांजणांत भिजत घालीत. तो चांगला मुरला म्हणजे गाळून त्यांत थोडी नीळ, थोडा डिंक आणि मूठभर मीठ टाकीत. अंबाडीच्या कुंच्यानें घरचींच माणसें आणि एखादा गडी मिळून दोन दिवसांत घर पांढरें करीत. जोत्याला गेरूचा पट्टा ओढला कीं काम संपलें. भिंती बुटक्या असत, शिडी पुरे होई. आतां घरें दुमजली-तिमजली झालीं. चुन्याच्या जागीं लांबी, अस्तर आणि डब्यांतील रंग आला. १९५४ सालीं आर. के. लक्ष्मण यांनीं एशियन पेंट्स कंपनीसाठीं रंगाचा डबा व कुंचला हातीं घेतलेला खट्याळ 'गट्टू' काढला, आणि तो घरोघर ओळखीचा झाला. डब्यावरचें नांव आपण तेव्हांपासून नीट वाचूं लागलों. डबा घेऊन उंचावर चढणाऱ्या मुलाचें नांव विचारण्याची संवय मात्र लागली नाहीं.

आमचें जालना हें १ मे १९८१ रोजीं जिल्ह्याचें ठिकाण झालें आणि २०२३ सालीं येथें महानगरपालिका आली. सळई आणि बियाणें यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या या शहरांत बांधकामाला तोटा नाहीं. मंठा, परतूर, भोकरदन, जाफराबाद इकडून शेतीचें काम सरलें कीं तरुण मुलें येथें येतात. त्यांतलीं कित्येक रंगाच्या कामाला लागतात, कारण हा एकच धंदा असा आहे कीं ज्यांत पहिल्या दिवशींच रोज मिळतो.

आमच्या घरीं काय झालें

२०२४ सालच्या दसऱ्याला आम्हां भावांची बैठक बसली. घर तीन पिढ्यांचें. तळमजला वडिलांनीं बांधलेला, वरचा मजला आम्हीं चढविलेला. दिवाळीच्या आंत रंग उरकावा असें ठरलें आणि तीन गुत्तेदारांकडून भाव मागविले. (गुत्ता, गुत्तेदार हे शब्द आमच्या मराठवाड्यांत निजामी अमदानीपासून रुळलेले आहेत, पुण्याकडील वाचकांनीं त्यांच्या जागीं कंत्राट व कंत्राटदार असें वाचावें.) जुना रंग खरवडणें, जरुरीपुरती लांबी, अस्तराचा एक हात, वर रंगाचे दोन हात, आणि सर्व सामान गुत्तेदाराचें, असें तिघांनाही सारखेंच सांगितलें होतें. एकानें चौरस फुटाला १३ रुपये सांगितले, दुसऱ्यानें १७ आणि तिसऱ्यानें १८. आंतबाहेर मिळून काम सुमारें ६,००० फुटांचें. म्हणजे पहिल्याचे ७८,००० रुपये, दुसऱ्याचे १,०२,००० आणि तिसऱ्याचे १,०८,०००. पहिल्या दोघांत चोवीस हजारांचा फरक पाहिल्यावर चर्चेला जागाच उरली नाहीं. आमच्या थोरल्या वहिनींनीं मात्र विचारलें, "भावजी, हा इतकें कमी घेतो, तें कशांत कमी करतो ?" प्रश्न उत्तम होता. आयुष्यभर आम्हीं शाळेंत मुलांना प्रश्न विचारण्यास उत्तेजन दिलें, घरांतल्या प्रश्नाला मात्र हंसून उत्तर दिलें, "चढाओढ आहे, वहिनी."

पांचव्या दिवशीं सकाळीं रस्त्याकडील भिंतीचें काम चाललें होतें. परांची म्हणजे सुतळीनें आवळलेले चार जुने बांबू आणि त्यांवर एक फळी. फळीच्या टोंकावर बसून वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा सज्जाची खालची बाजू रंगवीत होता. बांध सरकला, फळी कलली, आणि तो बारा फुटांवरून ओट्याच्या पायरीवर पडला. उजवें मनगट मोडलें, मांडीचें हाड मोडलें. डोकें वांचलें हें दैव. आम्हीं गुत्तेदाराला फोन केला तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, तो माझा माणूस नाहीं, चौकांतून रोजानें आणलेला आहे." सायंकाळपासून त्याचा फोन बंद. उचल म्हणून ३०,००० रुपये त्यानें आधींच नेले होते.

मुलाची आई दुसऱ्या दिवशीं गांवाहून आली. तिनें कोणाला दोष दिला नाहीं. रुग्णालयाच्या जिन्यांत बसून तिनें एवढेंच विचारलें, "गुरुजी, ह्याचं नांव कुठं लिवलेलं हाय का ?" कोणत्या तरी वहींत, कोणत्या तरी कचेरींत तिच्या मुलाचें नांव असेल आणि त्या नांवावर कांहीं मदत मिळेल, असा तिच्या बोलण्याचा अर्थ होता. नांव कोठेंच लिहिलेलें नव्हतें. गुत्तेदाराशीं आमचा कागद झाला नव्हता. गुत्तेदाराचा मुलाशीं झाला नव्हता. शस्त्रक्रिया, औषधें आणि दोन महिन्यांचा त्यांचा घरखर्च मिळून ८६,००० रुपये झाले. ते आम्हां भावांनीं वांटून घेतले. कायद्यानें देणें लागत होतों कीं नाहीं, याचा खल आम्हीं त्या वेळीं केला नाहीं. ज्या चोवीस हजारांच्या लोभानें तो मुलगा त्या फळीवर बसला, तो लोभ आमचा होता, हें पुरेसें होतें.

परवाना कशाला म्हणावें ?

ही हकीकत ज्यानें ज्यानें ऐकली त्यानें पहिला प्रश्न विचारला तो हा कीं, "गुत्तेदाराचा परवाना पाहिला होता का ?" म्हणून आम्हीं त्या विषयाची चौकशी केली, आणि जें कळलें तें वाचकांनाही उपयोगी पडेल.

आपल्याकडे वीजजोडणीचें काम करणाऱ्या ठेकेदाराला राज्य सरकारचा परवाना लागतो, आणि तारतंत्र्याला परीक्षा द्यावी लागते. नळकाम करणाऱ्यांस मोठ्या शहरांतून महानगरपालिका परवाने देतात. परंतु घरें रंगविणाऱ्यासाठीं कसबाची परीक्षा घेऊन दिलेला असा परवाना महाराष्ट्रांत नाहीं. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत 'पेंटर जनरल' हा दोन वर्षांचा व्यवसाय आहे खरा. पण तो शिकल्यावांचून कुंचला हातीं धरूं नये असा नियम नाहीं. मग गुत्तेदार जे कागद दाखवितात ते कसले ? प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे, तो असा :

(१) दुकानें व आस्थापनांचा कागद. महाराष्ट्राच्या २०१७ सालच्या अधिनियमाप्रमाणें थोडे कामगार असलेल्या धंदेवाल्यास नोंदणी करावी लागत नाहीं. धंदा सुरू केल्याची सूचना दिली कीं पुरे. या सूचनेची पावती म्हणजे परवाना नव्हे.

(२) व्यवसाय कराची नांवनोंदणी. स्वतःचा धंदा करणारानें वर्षास २,५०० रुपये भरावयाचे असतात. हा कर भरल्याचा दाखला आहे, कसबाचा नव्हे.

(३) जीएसटी क्रमांक. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली म्हणजे गुत्तेदारास हा क्रमांक घ्यावा लागतो. क्रमांक पंधरा अक्षरांचा असून महाराष्ट्रांतील क्रमांकाची सुरुवात २७ या आंकड्यानें होते. रंगकामावर कराचा दर शेंकडा १८ आहे. ज्याच्याजवळ क्रमांक नाहीं त्याला ग्राहकाकडून हा कर मागण्याचा अधिकार नाहीं, हें गृहिणींनीं विशेषतः लक्षांत ठेवावें.

(४) उद्यम नोंदणी. केंद्र सरकारनें ही १ जुलै २०२० पासून सुरू केली. ती विनामूल्य असून स्वतःच्या सांगण्यावरच होते. कर्ज व सवलती मिळविण्यास तिचा उपयोग आहे.

(५) सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी. ही सरकारी कामें घेऊं इच्छिणाऱ्यांसाठीं असून रकमेच्या मानानें तिचे वर्ग पाडलेले असतात. एवढी एकच नोंदणी गुत्तेदाराच्या ऐपतीचा थोडाबहुत अंदाज देते. पण घरगुती काम करणाऱ्या लहान गुत्तेदारापाशीं ती क्वचितच असते.

यांपैकीं एकही कागद असें सांगत नाहीं कीं या मनुष्याला ओली भिंत ओळखतां येते किंवा परांची बांधतां येते. तथापि कागद निरुपयोगी आहेत असें मात्र नव्हे. त्यांवर नांव आणि पत्ता असतो. आणि ज्याचा पत्ता सरकारदरबारीं आहे, तो फोन बंद करून नाहींसा होण्यापूर्वीं दोनदां विचार करतो.

आमच्या एका भाच्याचें बिऱ्हाड कॅलिफोर्नियांत आहे. त्यानें तिकडील पद्धति कळविली ती ऐकून आम्हांस नवल वाटलें. तेथें रंगकामाच्या ठेकेदारांसाठीं परवान्याचा 'सी-३३' नांवाचा स्वतंत्र वर्ग आहे. चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो; कायद्याची एक आणि धंद्याची एक अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात; आणि २५,००० डॉलरांचा जामीनरोखा ठेवावा लागतो. २०२५ पासून एक हजार डॉलरांच्या आंतील किरकोळ कामालाच, आणि तेंही हाताखालीं माणसें नसतील तर, यांतून सूट आहे. आणखी एक नियम असा कीं, घरगुती कामाची उचल एकंदर रकमेच्या दशांशापेक्षां किंवा एक हजार डॉलरांपेक्षां, जें कमी असेल त्याहून, जास्त घेतां येत नाहीं. आमच्या गुत्तेदारानें ७८ हजारांच्या कामावर ३० हजार उचलले होते ! अर्थात् तिकडे मजुरी जबर आहे आणि तेथील सगळेंच आपण उचलावें असेंही नाहीं. परंतु जें तेथें कायदा करतो, तें येथें घरमालकानें आपल्या हातानें करून घेतलें पाहिजे.

कायद्याचें जाळें आणि आपलें घर

बांधकामावरील मजुरांसाठीं १९९६ सालीं केंद्र सरकारनें कायदा केला. पण दहापेक्षां कमी मजूर असलेल्या आस्थापना आणि स्वतःच्या राहण्यासाठीं केलेलें १० लाखांपर्यंतचें काम त्यांतून वगळलें होतें. २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं चार श्रमसंहिता अंमलांत आल्या, आणि हा कायदा, तसाच अपघाताच्या भरपाईचा १९२३ सालचा जुना कायदा, त्यांत विलीन झाला. नव्या संहितेंत स्वतःच्या घराच्या कामाची ही मर्यादा ५० लाखांवर गेली आहे. सामान्य कुटुंबाचें रंगकाम लाख-दोन लाखांचें. म्हणजे सुरक्षेच्या या नियमांचें जाळें आपल्या घरावरून पूर्वींही जात होतें आणि आतांही जातें. यांत सरकारचा हेतु घरमालकाला कटकटींतून सोडविण्याचा असेल. परंतु ज्या कटकटींतून मालक सुटला ती परांचीवरच्या मुलाच्या वांट्याला आली.

तरीही त्या आईच्या प्रश्नाला उत्तर आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ या नांवाची संस्था आहे. वय १८ ते ६० च्या दरम्यान असलेल्या आणि मागील वर्षांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराचें नांव तेथें नोंदविलें जातें, आणि रंगकाम हें बांधकामांत मोडतें. नोंदणी झालेल्यांस अपघात, आजार, मुलांचें शिक्षण इत्यादींसाठीं अर्थसाह्य मिळतें. अडचण असते ती ९० दिवसांच्या दाखल्याची. चौकांतून रोज निराळ्या माणसाबरोबर जाणाऱ्या मुलाला हा दाखला देणार कोण ? गुत्तेदारानें मनावर घेतलें तरच तो मिळतो. म्हणून काम ठरवितांनाच "तुझ्या माणसांचीं नांवें मंडळांत आहेत का ?" असें आपण विचारूं लागलों, तर गुत्तेदार दाखला देऊं लागतील.

दुसरी सोय त्याहूनही सोपी आहे. २०१५ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेंत १८ ते ७० वर्षांच्या बँकखातेदाराला वर्षाला अवघ्या २० रुपयांत अपघाताचा विमा उतरवितां येतो. मृत्यु किंवा कायमचें पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख आणि अंशतः कायमचें अपंगत्व आल्यास एक लाख मिळतात. मोडलेल्या हाडाचा खर्च त्यांतून निघत नाहीं हें खरें. पण घरचा कर्ता मुलगा गेला तर आईच्या हातीं कांहीं तरी पडतें. पांच रंगाऱ्यांचे शंभर रुपये होतात. एका लहान डब्याच्या किमतींत पांच घरांचा धीर विकत मिळतो !

भावांत काय काय असतें

अर्धें राहिलेलें काम आम्हीं १७ रुपये सांगणाऱ्या गुत्तेदाराला दिलें. तो वयानें प्रौढ आणि बोलण्यांत मोकळा. त्यानें आपला भाव आमच्यापुढें उकलून ठेवला. "गुरुजी, सतरांत सात सामानाचे, साडेसात मजुरीचे, एक परांचीचा आणि ने-आण करण्याचा. राहिला दीड, त्यांत विमा, नंतरची डागडुजी आणि माझा नफा. तेरा घेणारा सहाचें सामान, सहाची मजुरी आणि एक नफा धरतो. परांचीचा रकानाच त्याच्या वहींत नाहीं."

एक रुपया ! सबंध घराला सहा हजार. वहिनींनीं दसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस असें मिळालें.

भाव कमी करण्याच्या ज्या ठराविक वाटा आहेत त्या प्रत्येक गृहस्थानें ओळखाव्या. पहिली वाट भिंत न खरवडतां जुन्या रंगावरच नवा चढविण्याची. पुढच्या पावसाळ्यांत पोपडे सुटतात. दुसरी अस्तर गाळण्याची. तिसरी रंगांत प्रमाणाबाहेर पाणी घालण्याची. दोन हातांचें काम दीड हातांत होतें. चौथी नांवाजलेल्या कंपनीच्या डब्यांत हलका माल भरण्याची. याला उपाय सोपा : डबे सीलबंद यावेत, आपल्या समोर उघडावेत, आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत घरांतच ठेवावे. एक लिटर रंग किती चौरस फुटांना पुरतो हें कंपन्या छापून देतात. त्यावरून हिशेब करून रिकाम्या डब्यांशीं ताडून पाहावा. मुलांना त्रैराशिकाचा याहून चांगला धडा मिळणार नाहीं.

मापाविषयीं मात्र लोकांचा अकारण संशय असतो. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली घ्या. चार भिंतींचे ४४० आणि छताचे १२० मिळून ५६० चौरस फूट. त्यांत सात बाय तीनचें दार म्हणजे २१, आणि चार बाय चारची खिडकी म्हणजे १६. दोन्ही मिळून ३७ फुटांची वजावट मिळावी असें मालक म्हणतो, आणि गुत्तेदार देत नाहीं. बांधकामाच्या मोजमापाचें 'भारतीय मानक १२००' असें सांगतें कीं, अर्धा चौरस मीटर, म्हणजे सुमारें साडेपांच फूट, यापर्यंतच्या झरोक्याची वजावट करूंच नये. त्यापुढें तीन चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारें बत्तीस फुटांपर्यंत, भिंतीच्या दोन्ही बाजू रंगविल्या असतां एकाच बाजूची वजावट करावी. कारण चौकटीच्या कडेच्या भिंतीलाही रंग लागतोच. म्हणजे वजावट खोलीच्या आंतून केली तर बाहेरून मागूं नये. पॅनेलच्या दारावर उंचसखल भाग असतो म्हणून सरकारी मोजमापांत त्याची दर बाजू सव्वापटीहून थोडी अधिक, १.३ पट, धरतात. उलट गजांची जाळी सपाट मोजून सर्व बाजू मिळून एकदांच धरतात. येथें मात्र कांहीं गुत्तेदार जाळी दोनदां मोजतात; त्याकडे लक्ष असावें.

भाव हंगामावरही अवलंबून आहे. दसरा-दिवाळीच्या दरम्यान सगळें गांव एकदम रंगाऱ्यांच्या मागें लागतें. चांगलीं माणसें गुंतलेलीं असतात आणि चौकांतलीं नवखीं मुलें परांचीवर चढविलीं जातात. शिवाय पावसाची ओल भिंतींत मुरलेली असते. आमच्याकडील काळी जमीन पावसांत फुगते, उन्हाळ्यांत आकसते आणि भिंतींना भेगा पाडते. त्या भेगा रंगानें बुजत नाहींत, आधीं गवंड्याचा हात लागतो. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत हवा कोरडी असते, गुत्तेदाराला सवड असते आणि भावांतही दोन गोष्टी बोलतां येतात. दिवाळीला घर नवें दिसलेंच पाहिजे हा हट्ट सोडला तर अर्धें संकट टळतें. आमच्या घरीं तो हट्ट मोडण्यास एक हाड मोडावें लागलें.

लहान मुलें असलेल्या घरांनीं

एकत्र कुटुंबांत तान्हीं मुलें आणि बाळंतिणी असतातच. त्यांनीं एक गोष्ट जाणून घ्यावी. जुन्या तैलरंगांत शिसें असे, आणि शिसें मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक आहे. घरगुती रंगांतील शिशाविषयीं सरकारनें २०१६ सालीं नियम केले. १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसें असूं नये असें बंधन आलें. म्हणून त्यापूर्वीं रंगविलेलीं दारें, खिडक्या आणि गज कोरडे घांसूं देऊं नयेत; पाणी लावून ओले घांसावे, भुकटी ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी, आणि तेवढे दिवस मुलांना दुसऱ्या बिऱ्हाडीं ठेवावें. घांसणाऱ्या रंगाऱ्याच्या नाकातोंडालाही फडकें असावें. त्याच्याही घरीं मुलें असतात आणि ती भुकटी कपड्यांवरून त्यांच्यापर्यंत जाते.

कराराचा कागद

आतां आमच्या घरीं नियम झाला आहे कीं, कागदावांचून कुंचला भिंतीला लागावयाचा नाहीं. कागद साधाच, एका पानाचा. पण त्यांत पुढील गोष्टी असतात :

(१) गुत्तेदाराचें पूर्ण नांव, पत्ता आणि ओळखपत्राची नक्कल; जीएसटी क्रमांक असल्यास तो. कर भावांत धरला आहे कीं वेगळा, हें अक्षरीं लिहावें.

(२) कामाचा क्रम : खरवड, लांबी, अस्तर, रंगाचे हात किती, कोणत्या कंपनीचा कोणता रंग. 'चांगला रंग' असें लिहूं नये.

(३) मोजमापाची रीत, आणि माप दोघांनीं मिळून घेण्याची अट.

(४) उचल दशांशाहून अधिक नाहीं. पुढील रक्कम काम होईल तशी. शेवटचा दशांश बाहेरच्या भिंतींच्या बाबतींत एक पावसाळा जाईपर्यंत राखून.

(५) परांची कोण बांधणार, कशानें बांधणार, आणि उंचावर चढणाऱ्यास कमरेचा पट्टा व दोर कोण देणार. याचा भाव वेगळ्या रकान्यांत लिहावा, म्हणजे तो कापतां येत नाहीं.

(६) कामावर येणाऱ्या प्रत्येकाचें नांव, गांव आणि वय. मंडळाची नोंद व विमा आहे कीं नाहीं. अठरा वर्षांखालील कोणी नको.

सहावें कलम वाचून एका गुत्तेदारानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, ही काय हजेरी आहे ?" आम्हीं म्हटलें, होय, हजेरीच. चाळीस वर्षें वर्गांत आम्हीं ती रोज घेतली. ज्याचें नांव पटावर नाहीं तो मुलगा शाळेंत असूनही नसल्यासारखाच, हें आम्हांस कळत होतें. घरीं आलेल्या मजुराच्या बाबतींत मात्र तें कळावयास उशीर लागला.

तो मुलगा आतां हिंडूंफिरूं लागला आहे. मनगटाला पूर्वींचें बळ नाहीं, म्हणून उंचावरचें काम त्यानें सोडलें. दुसऱ्या गुत्तेदारानें त्याला दारें-खिडक्यांच्या कामावर घेतलें, ९० दिवसांचा दाखला दिला, आणि मंडळांत त्याचें नांव लागलें. त्याच्या आईनें फोन करून आम्हांस तो नोंदणी क्रमांक वाचून दाखविला. एकदां वाचला, आणि आमचें ऐकण्यांत चुकलें असेल म्हणून पुन्हां एकदां.